शेजाऱ्यांसाठी जेवणाचं किट भरायचं तर: स्वस्त, टिकाऊ आणि खरंच शिजवता येईल असं

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकते, शिधा वेगळा आणि जेवणाचं किट वेगळं. शिध्यात पाच किलो तांदूळ, दोन किलो डाळ, तेलाची पिशवी असं सगळं सुटं सुटं असतं आणि बाकीचं घरच्यांनी जमवायचं असतं. तो हवाच, त्याला नावं ठेवत नाहीये. पण ज्या घरात कांदा नाही, मसाला संपलाय, तेल तळाला गेलंय आणि माणूस रात्री नऊला कामावरून येतोय तिथे नुसत्या तांदळाचं तो काय करणार? किट म्हणजे एका वेळच्या जेवणाचं सगळं सामान मोजून एकाच पिशवीत, वर शिजवायची चिठ्ठी. पाणी आणि आच सोडली तर घरातलं काहीही लागता कामा नये. ही एक अट पाळली की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात.

आणि सुरुवात दुकानातल्या ऑफरपासून करू नका. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरापासून करा. कुठेतरी राजमा स्वस्तात मिळाला म्हणून तीस किलो उचलला आणि ज्यांना द्यायचा त्यांच्याकडे एकच छोटी शेगडी, इंधन मोजून वापरायचं, मग तो राजमा तसाच पडून राहतो.

आधी विचारायचं काय

घरात जेवणारी किती, शेगडी आहे की फक्त पाणी गरम करायची किटली, मोठं पातेलं आहे का, फ्रिज आहे का, लहान बाळ किंवा म्हातारं माणूस आहे का, कुणाला शेंगदाणा, दूध, गहू, सोया, मासे वगैरेची ॲलर्जी आहे का, बीपी किंवा शुगर आहे का, आणि धर्मामुळे किंवा सवयीमुळे काय खात नाहीत. बास, एवढंच. उत्पन्न किती, नोकरी का गेली, हे आपल्याला कशाला पाहिजे?

विचारायची पद्धत मात्र सांभाळा. दारात उभं राहून "तुम्हाला मदत लागते का" असं विचारलं तर बहुतेक लोक नाहीच म्हणतात, तुम्ही-आम्ही पण म्हणू. त्यापेक्षा "आम्ही दोन-तीन प्रकारची किट्स बनवतोय, तुमच्याकडे यातलं कुठलं चालेल?" असं विचारलं की समोरचा निवड करतो, हात पसरत नाही. नाहीतर छोटी टिकमार्क करायची चिठ्ठी द्या, नाव लिहायची गरज नाही, नुसतं किट कुठलं आणि माणसं किती.

किती भरायचं

आणीबाणीतल्या मदतीसाठी जगभर वापरतात त्या स्फिअर मानकांत माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी हा प्लॅनिंगचा आकडा धरलाय. त्याचा तिसरा हिस्सा ७००. वय, काम यावर कमीजास्त होणारच, म्हणून एका जेवणाला माणशी ६०० ते ७०० किलोकॅलरी आणि १५ ते २० ग्रॅम प्रोटीन धरलं की पोट भरतं. बाजारात "चार जणांसाठी" लिहिलेली जी सूपची नाहीतर नूडल्सची पाकिटं मिळतात ती एकदा उलटून वाचा, बऱ्याचदा चौघांत मिळून एकाचं जेवण निघेल इतपतच असतं.

खर्चाचा हिशोब किलोमागे करू नका, एका ताटामागे करा. डब्यातल्या शिजलेल्या बीन्स महाग वाटतात पण त्यात इंधन आणि वेळ वाचतो. सुकं कडधान्य स्वस्त, पण तास-दीड तास शिजवायचा खर्च तुमच्या खिशातून नाही तर शेजाऱ्याच्या खिशातून जातो, हे हिशोबात धरायचं बरेच जण विसरतात. सगळ्यात जास्त कॅलरी कमी वजनात देतं तेल, १०० ग्रॅमला ९०० च्या आसपास. तांदूळ, डाळ, पास्ता हे सगळे १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ३७०. शेंगदाणे ५६० च्या वर आणि वर २५ ग्रॅम प्रोटीन. म्हणून किट स्वस्त करायचं असेल तर तेल आणि शेंगदाणे कापू नका, शोभेचे मसाले आणि छापील पिशव्या कापा.

धान्य आणि डाळ एकत्र का, तर धान्यात लायसिन नावाचं अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्याने बनतं तो घटक) कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो ॲसिड कमी ते धान्यात मिळतं. दोन्ही एकत्र आली की साध्या पैशात चांगलं प्रोटीन होतं.

तीन किट्स, यापेक्षा जास्त प्रकार सुरुवातीला नकोत

पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, चौघांसाठी एका भांड्यातला मसूर-भात. पांढरा तांदूळ ४०० ग्रॅम, सोललेली फुटकी लाल मसूर डाळ २०० ग्रॅम, सुकवलेला कांदा २० ग्रॅम, लसूण पावडर ५ ग्रॅम, चिमूटभर हळद किंवा मिरपूड किंवा त्या घरात जो मसाला चालतो तो, मीठ ८ ग्रॅम, तेल ५० मिली. हिशोब केला तर माणशी ६३०-६४० किलोकॅलरी आणि १९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. मसूरच का? भिजवावी लागत नाही आणि १५-२० मिनिटांत शिजते, पांढरा तांदूळही तेवढ्यातच होतो, त्यामुळे दोन्ही एकदम टाकता येतात. अख्खा मसूर घेतला तर तांदूळ गळून जाईल तरी तो कच्चट राहील. पाणी साधारण २ लिटर, मऊसर होतं, मोकळं आवडत असेल तर कमी.

इथे एक बारीक पण महत्त्वाचं, मसाला आणि मीठ तांदळात मिसळून भरू नका. दिसायला छान दिसतं, पारदर्शक बरणीत थर बिर लावून फोटो मस्त येतात, पण बहुतेक घरात तांदूळ-डाळ धुतल्याशिवाय शिजवत नाहीत आणि मग तुमचा मसाला मोरीत जातो. शिवाय बारीक मीठ तळाला बसतं. म्हणून मसाल्याची वेगळी पुडी, मिठाची त्याहून वेगळी पुडी. मीठ वेगळं असलं की बीपीवाला माणूस अर्धंच घालू शकतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, त्यामुळे एका जेवणात माणशी २ ग्रॅम बास झालं. मीठ आयोडीनवालंच घ्या. सूप क्यूब टाकणार असाल तर मिठाची पुडी काढून टाका, क्यूबमध्येच प्रचंड मीठ असतं.

दुसरं, पास्ता आणि बीन्स. पास्ता ४०० ग्रॅम, शिजलेल्या बीन्सचे ४०० ग्रॅमचे दोन डबे, टोमॅटोचा एक डबा, तेल ३० मिली, सुकी लसूण पावडर आणि कुठलीही सुकी पानं. माणशी ५८० च्या आसपास बसतं. बीन्समधलं पाणी ओतून एकदा धुतल्या की मीठ बरंच कमी होतं, हे चिठ्ठीत लिहा. डबे जड असतात, म्हणून हे किट लांब चालत जाणाऱ्याला किंवा म्हाताऱ्या माणसाला देऊ नका, घरपोच असेल तरच. आणि डबे ओढून उघडायच्या रिंगवालेच घ्या. कॅन ओपनर सगळ्यांकडे नसतो, आणि सुरीने डबा उघडायला जाऊन हात कापून घेतलेले लोक मी पाहिलेत.

तिसरं, शेगडी नसलेल्यांसाठी, फक्त उकळतं पाणी लागणारं, एका माणसाचं. बारीक ओट्स ६० ग्रॅम, फुल क्रीम दूध पावडर २५ ग्रॅम, बेदाणे २०, शेंगदाण्याचा भरड कूट २०, साखर १०. ३०० मिली कडक गरम पाणी, झाकून पाच मिनिटं. ५५०-५७० किलोकॅलरी होतात. ज्यांच्याकडे एकाच खोलीत दहा माणसं आणि सामाईक स्वयंपाकघर आहे, रात्रपाळीवाले, हॉस्टेलवाले, सगळ्यांना हेच चालतं. ओट्स बारीकच, जाडे ओट्स नुसत्या गरम पाण्यात शिजत नाहीत.

भाजी-फळांची उणीव या तिन्हींत राहते, खोटं कशाला बोलू. क जीवनसत्त्व तर सुक्या मालात जवळपास नसतंच. त्यावर सोपा उपाय म्हणजे पिशवीत न घालता वाटायच्या दिवशी वरून दोन कांदे, बटाटे, एखादं लिंबू किंवा संत्र द्यायचं. ते नाही जमलं तर टोमॅटोचा डबा.

जे अजिबात घालू नका

सुका राजमा. स्वस्त आहे, दिसतो छान, टिकतो वर्षानुवर्षं, आणि तरी नको. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रोटीन (लेक्टिन) असतं, नीट उकळला नाही तर काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब. किमान ५ तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावा लागतो. मंद आचेवर किंवा स्लो कुकरमध्ये ठेवला तर उलट जास्त धोका, कारण त्या तापमानाला विष मरत नाही. समोरचा घाईत आहे, इंधन वाचवतोय, अशा माणसाच्या हातात हे द्यायचंच कशाला. राजमा पाहिजेच असेल तर डब्यातला शिजवलेला.

ब्राऊन राइस आणि चोकरासकट पीठ पौष्टिक, मान्य, पण त्यातलं तेल काही महिन्यांत खवट होतं. घरी भरलेल्या लोणच्या-भाज्यांच्या बरण्या, घरी वाळवलेली भाजी, तेलात बुडवलेला लसूण, कितीही प्रेमाने बनवलं असलं तरी वाटायचं नाही. ओलावा आहे, हवा नाही आणि आंबटपणा कमी, अशा ठिकाणी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढतो आणि वासावरून चवीवरून कळेलच असं नाही. त्याच कारणासाठी ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या आणि व्हॅक्यूम पॅकिंगच्याही नादाला लागू नका. ते १० टक्क्यांहून कमी ओलाव्याच्या कोरड्या मालाला ठीक आहे, वर्षानुवर्षं साठवायचं असेल तर. आपलं किट दोन-तीन महिन्यांत पोटात जाणार आहे.

फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला, गंजलेला डबा सरळ कचऱ्यात, चाखून बघायचा नाही. तारखेचं असं आहे की "बेस्ट बिफोर" ही चवीची, दर्जाची तारीख आणि "यूज बाय" ही सुरक्षिततेची. बेस्ट बिफोर उलटलेला पास्ता खाऊन कुणाला काही होत नाही, पण मी तो किटमध्ये घालत नाही. स्वतःच्या घरी खा की. दुसऱ्याला देताना तारीख उलटलेली वस्तू दिली की त्याला काय वाटतं ते सांगायला नको.

बाळांचं वेगळं. सहा महिन्यांखालच्या बाळाला आईचं दूध किंवा बाळांसाठीचं फॉर्म्युला, साधी दूध पावडर त्याची जागा घेत नाही, लेबलवर स्पष्ट लिहा. वर्षाखाली मध नको. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे घशात अडकू शकतात, म्हणूनच वर कूट म्हटलंय.

खरेदी आणि भरणं

५० मसूर-भाताची किट्स करायची तर तांदूळ २० किलो, मसूर १० किलो, सुका कांदा १ किलो, लसूण पावडर २५० ग्रॅम, मीठ ४०० ग्रॅम, तेल अडीच लिटर. सांडलवंडीसाठी दोन-तीन टक्के जास्त धरा. तेल मात्र घरी बाटलीतून छोट्या डब्यांत ओतत बसू नका, कंपनीने सील केलेल्या लहान पिशव्या किंवा बाटल्या शोधा, थोड्या महाग पडल्या तरी. एक डबी गळली की खालची दहा किट्स गेली. अशा छोट्या पिशव्या मिळतच नसतील तर चार किट्स एका घरी एकदम देऊन त्याबरोबर एक सीलबंद बाटली, असं करता येतं.

नियमांचं बघून घ्या. सुटं धान्य परत पॅक करून वाटायला काही ठिकाणी परवानगी लागते, काही ठिकाणी घरातून चालत नाही, तुमच्याकडच्या अन्न सुरक्षा कार्यालयात आधी विचारा. झंझट नको असेल तर सगळं कंपनीच्या बंद पाकिटांतच घ्या आणि नुसती एका पिशवीत जोडणी करा. थोडं महाग पडतं पण लेबल, तारीख, ॲलर्जी सगळं आधीच छापलेलं असतं.

माल आला की निवडायचा. खडे, जाळी, टोके काही दिसलं तर ते पोतं बाजूला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अंडी असतातच, त्यामुळे जागा असेल तर बंद पिशवीत धान्य डीप फ्रीजरला उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर थंड धान्यावर हवेतलं पाणी धरतं आणि बुरशी लागते. सगळी मेहनत पाण्यात.

भरायच्या दिवशी टेबल कोरडं, हात धुतलेले, केस बांधलेले, ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने लेबलं लिहावीत, सामानाला हात लावू नये, आणि जुलाब-उलट्या असतील तर त्याने घरीच बसावं. पावसाळी दमट दिवस टाळा, दूध पावडर बघता बघता सादळते आणि गोळे होतात. प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर ठेवायची गरज नाही. एक वाटी किंवा कापलेला डबा घ्या, त्यात बरोबर २०० ग्रॅम मसूर कुठवर येते तिथे मार्करने रेघ मारा, तशीच तांदळाची वेगळी, आणि दर दहाव्या पिशवीला काट्यावर ठेवून बघा. हात थकले की माप वाढतं किंवा घटतं, दोन्ही होतं. दाणेवालं किट सगळ्यात शेवटी भरायचं, वेगळ्या वाट्यांनी, म्हणजे बाकीच्यांत कूट जात नाही. तरीही त्याच टेबलावर भरलंय हे लेबलवर लिहाच.

पिशवी जाड, खाण्याच्या मालासाठीची. झिपवाली चालते, हीट सीलर असेल तर उत्तम. आतली हवा दाबून काढा, मसाल्याच्या पुड्या वर, तेल या पिशवीच्या बाहेर दुसऱ्या पिशवीत.

चिठ्ठी

याच्यावर लोक कमीत कमी वेळ घालवतात आणि इथेच किट फसतं. मोठ्या अक्षरांत, ज्या भाषा तिथले लोक वाचतात त्या भाषांत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं. काय काय आहे, किती जणांचं, ॲलर्जीच्या वस्तू, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर. "कधीपर्यंत" ही तारीख किटमधल्या सगळ्यात आधी खराब होणाऱ्या वस्तूवरून ठरते, तांदळावरून नाही. तेल, दाणे, दूध पावडर हेच आधी जातात. मी दाणे आणि दूध असलेल्याला भरल्यापासून ३ महिने आणि मसूर-भाताला ६ महिने लिहिते, अर्थात मूळ पाकिटावरची तारीख त्याच्या आधी येत असेल तर ती.

कृती पाच ओळींच्या वर नको. "तांदूळ-डाळ धुवा. १ लिटरच्या बाटलीने २ बाटल्या पाणी घाला. तेल आणि मसाल्याची पुडी टाका, मीठ चवीपुरतं. उकळी आली की आच बारीक, झाकण ठेवून २० मिनिटं, मधे दोनदा ढवळा. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, फ्रिज नसेल तर एका वेळी संपेल तेवढंच शिजवा." पाणी कपात लिहू नका, प्रत्येकाचा कप वेगळा, पाण्याची बाटली मात्र बहुतेक घरात असते. आणि ती शेवटची ओळ काढू नका, शिजलेला भात बाहेर तासन्तास राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो आणि परत गरम करूनही त्याचं विष जात नाही.

मग ही चिठ्ठी आणि एक किट अशा माणसाला द्या जो पॅकिंगला नव्हता, आणि त्याच्या स्वयंपाकघरात गप्प बसून बघा. काही सांगायचं नाही. तो जिथे थांबून विचार करतो ती ओळ बदलायची.

ठेवणं आणि वाटणं

थंड, कोरडी, अंधारी जागा, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून थोडं सोडून, साबण-फिनाईलच्या जवळ बिलकुल नाही, तांदूळ वास ओढतो. जुनं पुढे, नवं मागे. बॅच नंबर एका वहीत, कारण एखाद्या पोत्यात पुढे काही निघालं किंवा कंपनीने माल परत मागवला तर ती किट्स कुठल्या दिवशी गेली ते शोधता येतं.

वाटताना फोटो नाही. देणाऱ्याचाही नको, कारण मागे घेणाऱ्याचं दार दिसतंच. पिशवी साधी, तिच्यावर संस्थेचं नाव, शुभेच्छा, काही नको, भाजी आणल्यासारखी दिसली पाहिजे. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ ठेवा, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जास्त, कारण पगार संपलेला असतो. कधीतरी एकदम वीस पिशव्या आणि मग दोन महिने काहीच नाही, यापेक्षा दर आठवड्याला दोन मिळणार हे माहीत असलं की घरचे त्याप्रमाणे खर्च आखू शकतात. घरी नसतील तर दारात उन्हात ठेवून येऊ नका, तेल आणि दाण्यांची वाट लागते, शेजारच्याकडे द्यायला चालेल का हे आधीच विचारून ठेवा.

पुढच्या खेपेला विचारायचा प्रश्न "आवडलं का" हा नाही, त्याला सगळे हो म्हणतात. "त्यातलं काय उरलं?" असं विचारा. मसाल्याची पुडी उरत असेल तर मसाला त्यांचा नाही, तो बदला. तेल उरत असेल तर थोडं कमी करा आणि तेवढ्या पैशात मसूर वाढवा. आणि कुणी म्हणालं की मुलं ओट्स खात नाहीत, तर त्यांच्या नावापुढे मसूर-भात लिहा आणि ते ओट्स दुसऱ्या घरी जाऊ द्या.